राजीखुशीने

पहिल्या शिरगणतीत तो ओबेड पिकरिंग.
दुसरीत ओबिड.
तिसरीत, आयोवात, कारकून बहिरा होता
नाही तर दौत आटलेली –
ओ. पिकरेल, वय एकेचाळीस, शेतकरी,
लिहिता-वाचता येत नाही.
तिन्ही नावं मी एकाच माणसाच्या अंगावर चढवून पाहिली.
बाह्या आखूड पडल्या, पण माणूस तोच:
माझा खापरपणजोबा.

मुलांच्या जन्मगावांवरून वाट लागते.
थोरली लोविना ओहायोची,
मधले तिघे इंडियानाचे,
एझ्रा आयोवाचा.
अठराशे पन्नासला दोन वर्षांची असलेली मर्सी
साठच्या यादीत नाही.
बारा वर्षांची हवी होती ती,
बादली उचलण्याजोगी.
मधल्या मुलखात गाडी कुठं थांबली,
किती वेळ थांबली,
याची नोंद ठेवायला तिथं अजून कचेरी नव्हती.

आमच्या घरात सांगतात:
नेब्रास्कात गाडीचा आस मोडला,
म्हणून आपण इथले.
दर थँक्सगिव्हिंगला आस मोडतो.
काका तर मोडल्याचा आवाजही काढून दाखवायचे.

पाय ठरत नव्हता त्याचा, एवढं खरं.
धूर दिसेल इतक्या अंतरावर शेजारी आला
की ओबेडला जागा अडचणीची वाटायची.
गवताची मुळं तुटताना जाड कापड फाटल्यासारखा आवाज येतो म्हणतात;
त्या आवाजाची त्याला चटक होती.
नांगरून झालेली जमीन मुकी.
मग विका, जुंपा, मावळतीकडे तोंड करा.
सफरचंदाच्या काड्या ओल्या शेवाळात गुंडाळून,
शेवाळ जुन्या बुटात कोंबून,
बूट थर्झाच्या मांडीवर.

थर्झा म्हणजे बायको.
ती मला खरेदीखतांत भेटली.

त्या काळी रान विकायचं तर बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे.
नवऱ्याला बाहेर काढून, दार लोटून, कारकून विचारायचा:
बाई, हे राजीखुशीने का?
धाक नाही ना, दटावणी नाही?
ओहायोच्या खतावर ओबेडची फुली
आणि शेजारी तिची सही,
टाके घातल्यासारखी बारीक, सरळ.
इंडियानात फुली, सही.
आयोवात फुली, सही,
फक्त शेवटचं अक्षर खाली ओघळलेलं.
तीनदा दार लोटलं गेलं.
तीनदा ती राजीखुशीने म्हणाली.

चौथं खत या कचेरीत, तळघरात,
हवामानखात्याच्या जुन्या वह्यांखाली.
अठराशे चौऱ्याहत्तर, टोळधाडीचं साल.
कणसं गेली, खुंटावरचं कातडं गेलं,
कुदळीच्या दांड्यावरचा घाम लागलेला भागही
टोळांनी कुरतडला.
ओबेडनं ऑरेगॉन ठरवलं.
गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला, फुली वाळली.

फुलीशेजारी काही नाही.

खाली कारकुनाच्या अक्षरात:
बाई नाही म्हणतात. कारण सांगत नाहीत.

मी खुर्ची ओढून बसले.
तिनं घातलेल्या त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.
याच जागेत आम्ही एकशे चाळीस माणसं जन्मलो,
मी धरून.
आस शाबूत होता, काका.

त्याच खोक्यात मोजणीदाराचा नकाशा निघाला.
आमच्या रानावर लिहिलंय: मोकळं.
त्या शब्दाखालून एक तुटक रेघ जाते,
पॉनींची वाट, नदीकडे.
त्यांना वेगळ्या खोलीत बसवून,
दार लोटून,
कुणी काही विचारल्याचा कागद
मला सापडला नाही.
शोधला. पाच वाजेपर्यंत शोधला.

बाहेर व्हर्लिन ट्रक चालू ठेवून बसला होता.
पलीकडे मका, कापणीला आलेला, खरखरत.
त्यानं काच खाली केली:
सापडला का म्हातारा?

सापडली, मी म्हटलं,
आणि दार लोटून घेतलं.